उतारवयांतील योगाभ्यास

साठीनंतर योगासनें शिकावीं काय, आणि शिकल्यावर तीं दुसऱ्यांस शिकवावीं काय, हे दोन प्रश्न वाचकांकडून आमच्याकडे वरचेवर येतात. पहिल्याचें उत्तर ‘होय’ असें आहे. दुसऱ्याचेंहि आम्ही ‘होय’ असेंच देऊं, परंतु कांहीं अटींवर.

हठयोगप्रदीपिकेसारख्या जुन्या ग्रंथानें वृद्ध, अतिवृद्ध, रोगी वा दुर्बळ यांपैकीं कोणासहि या मार्गाचा अधिकार नाकारलेला नाहीं. अडचण येते ती घरांतून. सासूबाईंनीं सतरंजी अंथरली कीं ‘आतां या वयांत हें कशाला? पडलांबिडलां तर?’ असा प्रेमळ विरोध चहूंकडून सुरू होतो. हें भय निराधार नाहीं. उतारवयांत मांडीचें हाड मोडलें म्हणजे माणूस महिनोन् महिने अंथरुणास खिळतो, आणि कित्येक त्यांतून पुन्हां पहिल्यासारखे हिंडूं लागत नाहींत. परंतु पडण्याच्या भीतीनें हालचालच सोडली कीं स्नायु क्षीण होतात, तोल सांभाळेनासा होतो, आणि ज्याची भीति तेंच ओढवतें.

आमच्या मतें या दुर्बलतेचें एक कारण घरांतील बदललेल्या बैठकींत आहे. जेवणास पाट, संध्येस आसन, भाजी चिरावयास विळी, अशा निमित्तांनीं पूर्वीं घरांतलें माणूस दिवसांतून दहा वेळां जमिनीवर बसे आणि दहा वेळां उठे. त्यास कोणी व्यायाम म्हणत नसे. पुढें टेबल-खुर्ची आली, उभ्याचा ओटा आला. गुडघेदुखीनें गांजलेल्यांस त्यांचें सुख आहे, तें आम्ही नाकारीत नाहीं. पण जमीन मात्र परकी झाली. म्हणून साठीनंतर आरंभ करणाऱ्यानें प्रथम कोणतें आसन शिकावें असें कोणी विचारलें तर आम्ही शीर्षासनाचें नांव घेणार नाहीं. प्रथम जमिनीवरून उठावयास शिकावें. कुशीवर वळावें, हात टेकून गुडघ्यांवर यावें, समोरची जड खुर्ची धरून एक पाऊल पुढें रोंवावें आणि मग उठावें. हें अंगवळणी पडल्यावर भिंतीशीं ताडासन, आणि त्यानंतर भिंतीचाच आधार हाताशीं ठेवून क्षणभर वृक्षासन. घरांतल्या माणसांचें निम्में भय एवढ्यानेंच ओसरतें, असा आमचा अनुभव आहे.

आधार घेणें म्हणजे कमीपणा, असें पुष्कळांस वाटतें. त्यांनीं बी. के. एस. अय्यंगार यांचें चरित्र आठवावें. १९३७ सालीं पुण्यास येऊन तेथेंच स्थायिक झालेल्या या आचार्यांस १९७९ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, स्कूटरच्या अपघातांत जबर दुखापत झाली. जीं आसनें करण्यांत त्यांची हयात गेली तींच सहज येईनात. त्यांनीं सारा अभ्यास पुन्हां पायापासून उभारला. लांकडी ठोकळे, दोर, पट्टे, खुर्ची या साधनांचा त्यांनीं शिकवण्यांत जो उपयोग केला तो आज जगभर चालतो. २०११ सालीं, ९२ व्या वर्षीं, ते चीनमध्यें शिकवण्यास गेले होते. २०१४ सालीं ते वारले. बेल्जमच्या राजमातेस त्यांनीं ऐंशीच्या वयांत शीर्षासन शिकविलें, ही गोष्टहि प्रसिद्ध आहे. परंतु तेथें राजमातेचा उत्साह होता आणि समोर अय्यंगार उभे होते. आमच्या वाचकांनीं तिचें अनुकरण करूं नये. ठोकळ्याऐवजीं घरांतला पाट, पट्ट्याऐवजीं जुनें लुगडें आणि उशाशीं घडी केलेली घोंगडी एवढें साहित्य पुरेसें आहे.

आतां शिकवण्याविषयीं. पेन्शन घेतलेले गृहस्थ महिनाभराच्या वर्गाचें प्रशस्तिपत्र मिळवितात आणि दुसऱ्या महिन्यांत गच्चीवर स्वतःचा वर्ग काढतात, हें दृश्य आतां नवें राहिलेलें नाहीं. हेतु चांगला असला तरी ही घाई आम्हांस पसंत नाहीं. जें आसन स्वतः वर्ष-दोन वर्षें नित्य केलें नाहीं तें दुसऱ्यास सांगूं नये. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचा शरीरावरील परिणाम क्ष-किरणांनीं व यंत्रांनीं तपासण्याचा उद्योग चालविला, तो अमुक क्रिया शरीरांत नेमकें काय करते हें जाणण्यासाठींच. गच्चीवरच्या शिक्षकाजवळ यंत्रें नसतील, पण तोंडानें विचारणें त्याच्या हातीं आहे. रक्तदाब वाढलेला असेल किंवा काचबिंदु असेल तर शीर्षासन, सर्वांगासन वर्ज्य. हाडें ठिसूळ झालीं असतील तर पश्चिमोत्तानासनासारखें पाठ वांकवून पुढें झुकणें वर्ज्य. हृदयविकार असेल तर कुंभकाच्या वाटेस जाऊं नये. गुडघा बदललेला असेल तर वैद्यांस विचारल्यावांचून वज्रासन नको. इतकें विचारण्याचा ज्यास संकोच वाटतो त्यानें शिष्य करूं नयेत.

तथापि उतारवयांत शिकलेल्या शिक्षकांत एक गुण असा असतो कीं तो पंचविशींतल्या कसलेल्या शिक्षकासहि दुर्लभ आहे. हात डोक्यावर जात नाहीं म्हणजे काय होतें, हें त्यास ऐकून ठाऊक नसतें, अनुभवून ठाऊक असतें. तो घाई करीत नाहीं. समोरच्याचा श्वास अडकला कीं तो थांबतो, कारण काल त्याचा स्वतःचा अडकला होता. समवयस्कांस शिकवावयाला असाच माणूस योग्य, आणि स्त्रियांच्या बाबतींत तर बहुधा घरांतली किंवा शेजारची वडीलधारी बाईच. चार जावा-नणंदा मिळून ज्या मोकळेपणानें शिकतील तो परक्या वर्गांत येत नाहीं.

त्यांच्या वाटेंतली खरी अडचण वेळेची आहे. आसनें जेवणानंतर निदान तीन-चार तासांनीं करावयाचीं. सकाळीं तर स्वयंपाकाची धांदल. तेव्हां दुपारची झोंप आटोपल्यावर, चहाचें आधण ठेवण्यापूर्वीं, भिंतीलगतचा एक कोपरा आणि अर्धा तास घरांतल्या मोठ्या बाईस मोकळा करून द्यावा. तेवढ्या वेळांत तिला कोणी हांक मारूं नये. चहा सुनेनें किंवा मुलानें ठेवावा.