‘जितके–तितके’ आणि ‘मोर फास्टर’

इंग्रजी क्रियाविशेषणांची तुलना तीन रीतींनी होते. लहान शब्दांना ‘अर’ लागतो: फास्टर, हार्डर, सूनर. ‘ली’ने संपणाऱ्या बहुतेक शब्दांआधी ‘मोर’ येतो: मोर केअरफुली, मोर स्मूदली. ‘वेल’चे ‘बेटर’ आणि ‘बॅडली’चे ‘वर्स’ होताना शब्दच बदलतो. पहिल्या दोन रीती एकत्र आल्या की ‘मोर फास्टर’ तयार होते. रहाटणीतल्या एका इंग्रजी संभाषणवर्गाच्या फलकावर या आठवड्यात हाच प्रयोग ‘गावठी इंग्रजी’ म्हणून झळकला. हा शिक्का अन्यायाचा आहे.

‘हे मशीन त्या मशीनपेक्षा जोरात चालते’ या वाक्यात ‘जोरात’ला काहीही होत नाही, तुलनेचा सगळा भार ‘पेक्षा’ उचलतो. ‘पेक्षा’ नसेल तर ‘जास्त’ किंवा ‘अजून’ हा वेगळा शब्द पुढे येतो: अजून जोरात, जास्त हळू. रहाटणी फाट्यावरून चाकणच्या शिफ्टला निघालेला कामगार इंग्रजी बोलताना हा ‘जास्त’ ‘मोर’च्या रूपाने सोबत नेतो आणि शाळेत शिकलेला ‘फास्टर’ त्याला जोडतो. चूक आहेच, पण तिच्यामागे मराठीची शिस्त आहे.

अशी दुहेरी तुलना मराठीत प्रतिष्ठितही आहे. संस्कृतात ‘उत्तम’ आणि ‘श्रेष्ठ’ या शब्दांतच परमावधी आहे, तरी मराठी माणूस ‘सर्वोत्तम’, ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो. शेक्सपिअरच्या नाटकांतही दुहेरी तुलना आढळते. १७६२ साली, पुढे बिशप झालेल्या रॉबर्ट लाउथ यांच्या व्याकरणाने ती अयोग्य ठरवली. परमेश्वरासाठी वापरलेल्या ‘मोस्ट हायेस्ट’ला तेवढी मोकळीक दिली.

मराठी जिथे खरी वाट दाखवते तो प्रयोग म्हणजे ‘द मोर… द मोर’. ‘द सूनर द बेटर’ शिकताना विद्यार्थी अडखळतो, कारण इथला ‘द’ त्याला नामाआधीचा वाटतो. प्रत्यक्षात तो जुन्या इंग्रजीतील दर्शक सर्वनामाच्या तृतीयेसारख्या रूपातून आला आहे. त्याचा अर्थ ‘तेवढ्याने’. म्हणजे इंग्रजीने जे एका झिजलेल्या शब्दात लपवले, ते मराठी ‘जितके लवकर, तितके बरे’ असे उघड मांडते. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ आणि ‘शक्य तितक्या लवकर’ यांचेही असेच जुळते.

इंग्रजी मराठीतून शिकवावे, हे या सदराचे जुनेच म्हणणे. ‘द’चे हे उदाहरण त्याला बळ देते. क्रमही त्यातूनच ठरतो. आधी ‘जितके–तितके’ची जोडी, कारण ती घरचीच आहे, मग ‘पेक्षा’ला ‘दॅन’, आणि शेवटी, मराठीत क्रियाविशेषण बदलत नाही पण इंग्रजीत त्याच्यावरच तुलनेची खूण उमटते, हा फरक. ही खूण एकदाच करायची असते, हे उमगले की ‘फास्टर’आधीचा ‘मोर’ गळून पडतो.