व्हिसाचा सल्ला कोण देणार? समाजातून नोंदणीकृत सल्लागार घडवण्याची गरज

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची निवड यादी लागली की वस्तीत अभिनंदनाचे फलक लागतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या या 75 जागांमधून दरवर्षी आपले काही तरुण ब्रिटनला जातात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर जाणारे वेगळे, कर्ज काढून जाणारे त्याहून वेगळे. प्रवेश कसा मिळवायचा, निबंध कसा लिहायचा, यासाठी आता मार्गदर्शन करणारे गट उभे राहिले आहेत. हे चांगलेच आहे. पण तिथे पोहोचल्यावर व्हिसाची अडचण आली तर विचारायचे कोणाला, याचे उत्तर आजही आपल्याकडे नाही.

एक उदाहरण पाहू. पदवी घेतल्यानंतर ब्रिटनमध्ये काही काळ राहून काम करता यावे यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा असतो. सध्या तो 2 वर्षांचा आहे. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी. वगळता, तो 18 महिन्यांचाच मिळणार आहे. या व्हिसाला एक अट आहे. अर्जाच्या आधीच्या 12 महिन्यांत एखाद्या सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने फी आणि राहण्याचा खर्च असे दोन्ही दिले असेल, तर त्यांचे लेखी संमतीपत्र लागते. स्वखर्चाने शिकणाऱ्या वर्गमित्राला ही अट लागूच नसते, त्यामुळे त्याला ती ठाऊकही नसते. आपल्या शिष्यवृत्तीधारकाने त्याचे ऐकून अर्ज भरला तर फी जाते आणि नकार पदरी पडतो. तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात नमूद करावा लागतो.

याच नियमांत फायद्याच्या गोष्टीही आहेत. 1 जानेवारी 2024 पासून नेहमीच्या मास्टर्स अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना पती-पत्नी किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. मात्र सरकारी शिष्यवृत्तीवर 6 महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करणाऱ्यांना त्यातून सूट आहे. ही सूट माहीत नसेल तर लहान मूल असलेली आपली एखादी मुलगी मिळालेली जागा सोडून देऊ शकते.

अशा वेळी आपण काय करतो? व्हॉट्सअप ग्रुपवर विचारतो. कोणीतरी ज्येष्ठ दादा किंवा ताई आपुलकीने उत्तर देतात. आपुलकी खरी असली तरी ब्रिटनचा कायदा इथे कडक आहे. इमिग्रेशन अँड असायलम अ‍ॅक्ट 1999 नुसार तिथे व्यवसाय किंवा संस्था म्हणून इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर पात्रता आणि नोंदणी लागते. पैसे घेतले नाहीत, सेवाभावी काम आहे, ही सबब चालत नाही. नोंदणीशिवाय असे काम करणे हा 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा गुन्हा आहे. मित्राला एखाद्या वेळी मदत केली तर कायदा आडवा येत नाही. सरकारी संकेतस्थळावरची माहिती दाखवणे किंवा नोंदणीकृत सल्लागाराकडे पाठवणे यालाही बंदी नाही. पण एखादी संस्था नियमितपणे "तुमच्या प्रकरणात असा अर्ज करा" असे सांगू लागली की ती कायद्याच्या कक्षेत येते. परदेशात काम करणाऱ्या आपल्या संघटनांनी हा फरक नीट समजून घ्यावा.

ही नोंदणी इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे होते. जानेवारी 2025 पर्यंत तिचे नाव ऑफिस ऑफ द इमिग्रेशन सर्व्हिसेस कमिशनर असे होते. सल्लागारांच्या तीन पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर नियमांत सरळ बसणारे अर्ज, म्हणजे व्हिसाची मुदतवाढ किंवा नागरिकत्व. दुसऱ्या पातळीवर नकार मिळालेली आणि गुंतागुंतीची प्रकरणे. तिसऱ्या पातळीवर न्यायाधिकरणापुढे उभे राहून अपील चालवता येते. आश्रयाच्या प्रकरणांसाठी स्वतंत्र पात्रता लागते. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर यांना ही नोंदणी लागत नाही, कारण त्यांच्यावर त्यांच्या स्वतःच्या नियामक संस्था असतात.

आमच्यासारख्या समाजकार्य आणि समाजशास्त्र शिकलेल्यांसाठी महत्त्वाची बाब अशी की या नोंदणीसाठी कायद्याची पदवी सक्तीची नाही. इमिग्रेशनचे नियम अभ्यासावे लागतात, परीक्षा देऊन क्षमता सिद्ध करावी लागते आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी होते. काम नोंदणीकृत संस्थेतूनच करावे लागते. पुढेही दरवर्षी अभ्यास चालू ठेवावा लागतो. शुल्क न आकारणाऱ्या संस्थांना नोंदणी फी माफ असते. माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकणे, कागदपत्रे लावणे, गोपनीयता पाळणे ही कौशल्ये समाजकार्याच्या कार्यकर्त्याकडे आधीच असतात. त्याला कायद्याच्या अभ्यासाची जोड द्यायची आहे.

हे काम विद्यार्थ्यांवर टाकता येणार नाही. स्टुडंट व्हिसावर कामाच्या तासांना मर्यादा असते आणि स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. म्हणून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी पुढे यायला हवे. प्रत्येक मोठ्या शहरात निदान एक जण पहिल्या पातळीपर्यंत पोहोचला तरी पुष्कळ फरक पडेल. जयंतीच्या खर्चातला छोटा वाटा अशा एका व्यक्तीच्या प्रशिक्षणासाठी बाजूला ठेवता येईल, असे आम्हाला वाटते.

भारतातल्या तरुणांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1999 चा हा कायदा ब्रिटनमध्ये दिल्या जाणाऱ्या सल्ल्याला लागू होतो. पुण्यात किंवा नागपुरात कार्यालय थाटलेल्या कन्सल्टंटवर त्याचा अंमल चालत नाही. आपल्या इमिग्रेशन अ‍ॅक्ट नव्हे, तर एमिग्रेशन अ‍ॅक्ट 1983 खाली परदेशी नोकरभरती करणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे आणि त्याला 30,000 रुपये व जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. तरीही केअर वर्करच्या नोकरीच्या नावाखाली लाखो रुपये मागितले गेले. ब्रिटनने 22 जुलै 2025 पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणे बंद केले आहे. आजही कोणी ती नोकरी विकत असेल तर तो फसवतो आहे. आधीच गेलेल्यांच्या मालकाचा परवाना रद्द झाला, तर नवा स्पॉन्सर शोधायला साधारण 60 दिवसच मिळतात. त्या 60 दिवसांत योग्य सल्ला मिळाला नाही तर कर्ज डोक्यावर घेऊन परत यावे लागते.

तेव्हा ब्रिटनमधल्या कोणत्याही सल्लागाराला पैसे देण्याआधी त्याचे नाव अथॉरिटीच्या ऑनलाइन नोंदवहीत तपासा. ते मोफत आहे. त्याची पातळी कोणती तेही पाहा. फीचा हिशोब लेखी मागा. सॉलिसिटर असल्याचे सांगितले तर सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेकडे तपासा.

परदेशी शिक्षणाची वाट बाबासाहेबांनी आपल्याला दाखवली. त्या वाटेने जाणाऱ्यांची संख्या वाढते आहे, त्यांच्या हक्कांचे राखणदारही समाजातून तयार झाले पाहिजेत. पुढच्या निवड यादीचे फलक लागतील तेव्हा त्या मुलामुलींच्या हाती एखाद्या नोंदणीकृत सल्लागाराचा पत्ताही देता यावा, एवढे काम आपण वर्षभरात नक्की करू शकतो.