दवाखान्याची भीति : दोष कोणाचा ?

ऊसतोडीच्या टोळ्या दरसाल बारामती-इंदापुरांतील कारखान्यांच्या तळांवर उतरतात. त्यांतील बाया दुखणें अंगावर काढतात, पण दवाखान्याची पायरी चढत नाहींत. पारध्यांच्या पालांतहि तीच गत. १८७१ च्या कायद्यानें ज्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या आणि १९५२ पर्यंत ज्यांच्या हजेऱ्या घेतल्या, त्यांनीं सरकारी दारावर विश्वास ठेवावा कसा ? शिकलेले म्हणतात, "अडाणी लोक !" आम्हांस हें मान्य नाहीं.

गेल्या हंगामांत एका बाईनें आमच्याकडे एक कागद वाचावयास आणला. सारा इंग्रजींत, खालीं तिचा अंगठा. पिशवी काढण्यास तिची संमति असल्याचें त्यांत लिहिलें होतें. तिला वाटे, गांठ काढली. आतां ती लेकीसहि दवाखान्यांत नेत नाहीं. हिला अडाणी म्हणावें कीं पोळलेली ?

ही एकटीची गोष्ट नव्हे. २०१९ सालीं सरकारी समितीनें बीडकडील ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हां तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. कामाचा खाडा झाला कीं मुकादम दंड कापतो. त्यांत कर्करोगाचें भय घालणारा भेटला, कीं बाई टेबलावर!

१८९७ च्या प्लेगांत सोजीर घरांत शिरले, तेव्हां पुणेंकरांनीं रोगी लपविले. त्याच सालीं सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील रोगी मूल पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यांत पोंचविलें, आणि १० मार्च रोजीं स्वतः प्लेगास बळी पडल्या. त्यांच्यापासून रोगी कोणी लपविला नाहीं.

म्हणून आमचें मागणें इतकेंच : संमतीचा कागद मराठींत असावा व अंगठ्यापूर्वीं मोठ्यानें वाचून दाखवावा. पिशवी काढण्याआधीं सरकारी दवाखान्यांतील दुसऱ्या डॉक्टरचें मत घ्यावें. कारखान्यांनीं दर आठवड्यास तळावर नर्सबाई धाडावी आणि आजाराच्या खाड्याचा दंड बंद करवावा.

आणि बंधुभगिनींनो, अंगाऱ्यानें रक्तस्राव थांबत नाहीं. भगताचें दार सोडा. दवाखान्यांत जा, पण वाचतां येणारें माणूस बरोबर न्या. समजेपर्यंत विचारा; समजल्याखेरीज अंगठा उठवूं नका. आपल्या लेकींस नर्स करा, डॉक्टर करा. उद्यां तळावरची बाई त्यांच्याच भरंवशावर दवाखान्याची पायरी चढेल.