हाताला काम

कारखान्यातील अपघाताची बातमी वर्तमानपत्रात चार ओळींची असते. एक कामगार जखमी, रुग्णालयात दाखल, चौकशी चालू. त्या कामगाराचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी छापत नाही. ते मी माझ्या घरात पाहिले आहे, म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करते.

२०१९ साली माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची तीन बोटे पॉवर प्रेसखाली गेली. सात-आठ माणसांची ती लहानशी शेड. पत्रा डायवर ठेवायचा, पॅडल दाबायचे, तुकडा काढायचा. असे पाळी संपेपर्यंत. हात आत असताना प्रेस खाली येऊ नये म्हणून गार्ड असतो; पण गार्डमुळे नग कमी निघतात, म्हणून तो काढून ठेवलेला होता. मालकांनी दवाखान्याचा खर्च केला, पुढे कायद्याप्रमाणे भरपाईही मिळाली. जखम भरल्यावर बाबा पुन्हा शेडवर गेले, तेव्हा मालक म्हणाले, "मामा, आता आराम करा." बोलण्यात आपुलकी होती. पण त्या चार शब्दांत बाबांची नोकरी गेली.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट होते. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची शक्ती किती टक्के गेली, याचा तो तक्ता. आंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, तीन गेली तर ३०. हा कायदा पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला. पण बाबांचा हिशेब त्या जुन्या तक्त्यानेच झाला. कागदाप्रमाणे त्यांची शक्ती ३० टक्के गेली, म्हणजे ७० टक्के शिल्लक होती. प्रत्यक्षात ते शंभर टक्के घरी बसले. माझ्या मते आपल्या व्यवस्थेचे सारे अपयश या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. गेलेल्या बोटांची किंमत ठरलेली आहे. उरलेल्या हाताला काम देण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नाही.

भरपाईतून कर्ज फिटले. नंतरचे चौदा महिने कसे गेले, ते आईला विचारावे. बाबा सकाळी सातला दाढी करून, कपडे बदलून ओट्यावर बसत. कोणी विचारले तर "आज सुट्टी आहे" म्हणत. एकदा मी त्यांना जेवणाच्या ताटात पोळी मोडून देऊ लागले, तेव्हा म्हणाले, "हात नाही गेला गं, बोटं गेलीत." पुनर्वसन या जड शब्दाचा अर्थ मला त्या वाक्यात कळला. जखम भरली की डॉक्टरांचे काम संपते. कामगाराचे तेथून सुरू होते. हाताला काय जमते ते तपासणे, मशीनचे बटण किंवा अवजाराची मूठ त्याप्रमाणे बदलणे, आरंभी थोडे तास काम देणे, आणि जुने काम जमणारच नसेल तर नवे शिकविणे, हे सारे त्यात येते.

हे आपल्याला माहीत नाही असे नाही. पिंपरीहून पुण्याला येताना खडकी लागते. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली लेडी विलिंग्डन यांनी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट काढली. ती पुढे खडकीला आली. पुण्यातच १९४४ मध्ये सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. हात-पाय गमावलेल्या जवानाला पुन्हा उभे करणे हे देशाचे कर्तव्य आहे, याविषयी कोणाचेच दुमत नाही. मग त्याच रस्त्यावरच्या शेडमध्ये ज्याची बोटे जातात, त्याच्या वाट्याला नुसता आराम का?

सरकारी नोकरांना हे संरक्षण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोकरीत असताना अपंगत्व आले तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही. त्याच वेतनावर दुसरी जागा द्यावी लागते. खाजगी कारखान्यातील कामगाराला या कलमाचा आधार नाही. वस्तुतः प्रेसखाली हात घालण्याची वेळ कारकुनावर येत नाही, कामगारावर येते.

यावर आक्षेप येईल, की सात-आठ माणसांच्या शेडने दुसरी जागा आणायची कोठून? आक्षेप खोटा नाही. आमचे मालकही काही गडगंज नव्हते. पण याचे उत्तर जर्मनीने फार पूर्वी शोधले. तेथे १८८४ साली कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा झाला आणि कारखानदारांनी धंद्यावार मंडळे करून वर्गणीतून तो भार उचलला. आजही तेथे आधी पुनर्वसन आणि मग पेन्शन, असाच क्रम आहे. एका शेडला जे पेलत नाही, ते एका औद्योगिक वसाहतीतल्या शेकडो शेडना मिळून पेलेल. एका शेडमध्ये जागा नसेल, तर शेजारच्या शेडमध्ये असेल.

बाबांच्या बाबतीत अगदी असेच झाले; पण ते नशिबाने. ओळखीच्या एका फोरमननी त्यांना दुसऱ्या कारखान्यात तपासणीच्या कामावर लावून घेतले. डाव्या हाताने व्हर्नियर धरायला त्यांना महिना लागला. आज तयार नग तपासून ते बाजूला काढतात. प्रेसच्या नुसत्या आवाजावरून डाय बोथट झाली की नाही, हे ते सांगतात. वीस वर्षांचे हे ज्ञान चौदा महिने आमच्या ओट्यावर बसून होते.

आपल्या वर्गांत अशा घरांतून आलेली मुले-मुली पुष्कळ आहेत. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र आपण शिकतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे एखादे शिबिर या वसाहतींत भरवून जखमी कामगारांचे अर्ज भरून देता येतील, त्यांना उरलेल्या हाताने काय जमते याची नोंद करता येईल, आणि ती कारखानदारांच्या संघटनेपुढे ठेवता येईल. प्राध्यापकांनी मनावर घेतले तर हे याच वर्षी होऊ शकेल. कायदा व्हायला वेळ लागेल. पण प्रत्येक जखमी कामगाराला ओळखीचा फोरमन भेटत नाही, एवढे लक्षात ठेवून आपण सुरुवात तरी करावी.