सायकल घेताय? आधी दाते मोजा!

दोस्तांनो, सुट्टीत वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला सायकलवर जायचा बेत आहे? मग दुकानात जाडजूड शॉकअप आणि '21 गिअर'च्या चकचकीत पाटीला भुलू नका!

आधी माप बघा. आडवा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन उभे राहा. पावलं जमिनीवर पूर्ण टेकली पाहिजेत, आणि दांड्याच्या वर दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. आई-बाबा, शर्ट वाढत्या अंगाचा घ्या. सायकल मात्र नको! ऐन वेळी पाय टेकला नाही, तर पोर पडणारच. सीट वर करता येते, दांडा खाली करता येत नाही.

आता गिअर. पुढच्या सर्वांत लहान चक्रीचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीचे दाते मोजा. दोन्हीकडे 28 असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. पुढे 42 आणि मागे 14 असतील, तर तीन! सपाटीवर तीन झकास. पण सामान लादून घाट चढताना एकच बरा.

ओझं पाठीवर नको, कॅरिअरवर हवं. तो पक्का बसवायला मागच्या आसापाशी भोकं आहेत ना, तेही बघा. शॉकअपने वजन वाढतं आणि चढावर तुमचा जोर वाया जातो. ते पैसे वाचवा. हेल्मेट, पंप आणि पंक्चरच्या सामानाला लागतील.

दुकानात जाण्यापूर्वी शेजारच्या दादाच्या सायकलचे दाते मोजून या, बरं का!