दारातली गाडी आधी बघा

साकोली-सेंदूरवाफ्याच्या आईबाबांनो, आजी-आजोबांनो, गाडीवाल्यांनो, हे आजच वाचा. नवतपा तोंडावर आहे. लग्नसराई जोरात आहे. मंगल कार्यालयांबाहेर, हायवेच्या कडेला गाड्याच गाड्या उभ्या आहेत.

नागपूर आठवा. १७ जून २०२३. टेका नाका भागातली तीन लेकरं दुपारी खेळायला बाहेर पडली, ती घरी आलीच नाहीत. गल्लीबोळ पालथे घातले गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती सापडली, घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत. तिघंही गेली होती. पुढच्याच एप्रिलमध्ये मुंबईत अँटॉप हिलला सख्खी बहीणभावंडं अशीच गेली. त्यांना कुणी गाडीत विसरलं नव्हतं. उभी गाडी म्हणजे पोरांना खेळच.

म्हणून अंगणातली गाडीही लॉक करा. भंगारात पडलेलीही करा. किल्ली उंच खुंटीला लावा. मूल दिसेना, तर सगळ्यात आधी गाड्या तपासा, डिकीसुद्धा उघडा.

उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी तापते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पारा पंचेचाळीसला टेकतो. काच बोटभर खाली ठेवून भागत नाही. लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि आतली हवाच तापली की धापाही कामी येत नाहीत.

"बाळ झोपलंय, दोन मिनिटांत येते." नका म्हणू असं. दुकानात गर्दी असते, ओळखीचं कुणी भेटतं. बाळाला उठवा. रडलं तर रडू द्या, पण सोबत न्या. पर्स, मोबाईल मागच्या सीटवर ठेवा, म्हणजे उतरताना मागे बघावंच लागेल. चाइल्ड लॉक असलं तर मागचं दार आतून उघडत नाही. पुढे येऊन दार कसं उघडायचं, हॉर्न कसा दाबून धरायचा, हे पोरांना आजच करून दाखवा.

परक्याच्या गाडीत लेकरू किंवा मुकं जनावर दिसलं, तर पुढे जाऊ नका. आरडाओरडा करा, ११२ लावा. लेकरू निपचित दिसलं तर वाट बघू नका, त्याच्यापासून लांबची काच फोडा. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला, १०८ बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आता उठा. दारातली गाडी लॉक आहे का, बघून या.