वकिलीच्या उमेदवारीची किंमत

लंडनच्या 'सिटी' भागातील बड्या सॉलिसिटर पेढ्यांत उमेदवारीची जागा मिळावी म्हणून दरवर्षी हजारो पदवीधर अर्ज करतात. या जागेला तेथे 'ट्रेनिंग काँट्रॅक्ट' म्हणतात. दोन वर्षांची पगारी उमेदवारी, पेढीच्या वेगवेगळ्या विभागांत सहा-सहा महिने काम, आणि ती संपली की बहुधा त्याच पेढीत सॉलिसिटर म्हणून नेमणूक, असे तिचे स्वरूप असते. क्लिफर्ड चान्स, लिंकलेटर्स, फ्रेशफील्ड्स, स्लॉटर अँड मे आणि 2024 साली एका अमेरिकन पेढीत विलीन होऊन 'ए अँड ओ शर्मन' झालेली ॲलन अँड ओव्हरी, या पाच पेढ्यांना तिकडची वृत्तपत्रे 'मॅजिक सर्कल' म्हणतात. 2024 साली या पेढ्यांतील उमेदवाराला पहिल्या वर्षी सुमारे 56,000 पौंड आणि उमेदवारी संपवून नव्याने सॉलिसिटर झालेल्याला दीड लाख पौंड वार्षिक वेतन मिळू लागले. असे वेतन ज्या दारामागे आहे त्या दारात गर्दी व्हावी, यात नवल नाही. त्या दारावर कोणती पट्टी घेतली जाते आणि ती कोणाला परवडते, हा खरा प्रश्न आहे.

पूर्वी ही पट्टी उघड होती. या उमेदवाराला तेव्हा 'आर्टिकल्ड क्लर्क' म्हणत. विसाव्या शतकात बराच काळपर्यंत त्याच्या वडिलांना सॉलिसिटरच्या हाती 'प्रीमियम' म्हणून घसघशीत रक्कम ठेवावी लागे, आणि मुलाला वर्षानुवर्षे पगार नसला तरी त्याचा योगक्षेम चालवावा लागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमेदवारीच्या करारपत्रावर सरकारचे मुद्रांक शुल्कच 80 पौंडांचे होते. ॲडम स्मिथने 1776 साली वकिलीच्या धंद्याची तुलना सोडतीशी केली होती. यशस्वी होणाऱ्या एकामागे वीसजण अपयशी होतात, असा त्याचा हिशेब होता. त्यात एक भर घालावयास हवी. ही सोडत होती हे खरे, परंतु तिचे तिकीट मूठभर घराण्यांनाच विकत घेता येत होते. निदान त्या तिकिटाची किंमत कागदावर लिहिलेली असे, एवढाच त्या काळाचा प्रामाणिकपणा.

आता प्रीमियम गेला. 1990 साली 'आर्टिकल्स' हे जुने नावही गेले आणि 'ट्रेनिंग काँट्रॅक्ट' हे नवे नाव आले. प्रवाह उलटा झाल्यासारखा दिसतो, कारण पेढीच उमेदवाराला पगार देते, त्याच्या पुढील अभ्यासक्रमाचे शुल्क भरते आणि त्या काळातील निर्वाहासाठी अनुदानही देते. वशिल्याच्या जागी परीक्षा आली आहे. लेखी अर्ज, तर्कशक्तीची वॉटसन-ग्लेझर चाचणी, यंत्रासमोर बसून द्यावयाची मुलाखत, दिवसभराचे मूल्यमापन आणि सुट्टीत एक ते चार आठवडे पेढीत प्रत्यक्ष काम, अशा पायऱ्या ठरल्या आहेत. कायद्याचा विद्यार्थी पदवीच्या दुसऱ्या वर्षीच, म्हणजे काम सुरू होण्याच्या दोन वर्षे आधी, अर्ज करू लागतो. कायद्याची पदवी नसलेल्यांनाही वाट मोकळी आहे. वरवर पाहता याहून अधिक निष्पक्ष पद्धत कोणती असू शकेल?

तथापि, या पायऱ्यांवर मोजले जाते ते काय, हे बारकाईने पाहिले पाहिजे. अर्जात विचारतात की याच पेढीत का यावयाचे आहे. याचे उत्तर त्या पेढीतील माणसांशी बोलल्याशिवाय धड देता येत नाही, आणि अशी माणसे ज्याच्या घरी जेवावयास येतात त्याचे उत्तर साहजिकच सरस ठरते. उमेदवाराला 'व्यापारी जाण' हवी असते. ज्याच्या घरी कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या गोष्टी चहाबरोबर चालतात, त्याला ती न शिकता येते. पूर्वानुभव हवा असतो, पण लंडनमध्ये महिनाभर खोली भाड्याने घेऊन तो मिळविण्याची ऐपत सर्वांची नसते. सुट्टीत दुकानाच्या गल्ल्यावर बसून शिक्षणाचा खर्च काढणाऱ्या मुलीने पैशाचा, गिऱ्हाइकाचा आणि वेळेचा जो अनुभव घेतलेला असतो, तो अर्जाच्या रकान्यात कसा मांडावा हेही तिला कोणी सांगितलेले नसते. बापाच्या खिशातून पूर्वी एकरकमी जाणारा प्रीमियम आता जन्मापासून हप्त्याहप्त्याने भरला जातो. शाळेच्या फीत, प्रवासात, उच्चारात आणि ओळखीपाळखीत तो मुरतो. दाराशी पोहोचेपर्यंत त्याचे 'गुणवत्ता' असे नामांतर झालेले असते.

केर्न्स या अर्थशास्त्रज्ञाने 1874 साली श्रमिकांच्या 'परस्परांशी स्पर्धा न करणाऱ्या गटां'ची कल्पना मांडली. श्रमाचा बाजार एकसंध नसतो. त्यात मजले असतात, आणि खालच्या मजल्यावरील मुलाला वरच्या मजल्यावरील कामासाठी स्पर्धाच करता येत नाही, कारण त्यासाठी लागणारी तयारी करण्याची साधने त्याच्यापाशी नसतात, असा त्या विवेचनाचा आशय होता. दीडशे वर्षांनंतरही तो ताजा वाटावा, ही चिंतेची बाब आहे. ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या सामाजिक गतिशीलता व बालदारिद्र्य आयोगाने 2015 साली कायदा, हिशेबतपासणी व वित्त या क्षेत्रांतील अव्वल पेढ्यांच्या भरतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. 2014 साली या पेढ्यांनी दिलेल्या नोकऱ्यांपैकी 70 टक्क्यांपर्यंत नोकऱ्या खाजगी किंवा निवडक प्रवेशाच्या सरकारी शाळांत शिकलेल्यांना मिळाल्या होत्या. एकूण लोकसंख्येत अशा शाळांत शिकलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सात आणि चार टक्के आहे. बोलण्याची ढब, वागण्यातील सफाई, केलेला प्रवास यांनाच बुद्धीची खूण मानले जाते, असे त्या अभ्यासातून दिसून आले.

पेढ्यांना याची जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. क्लिफर्ड चान्सने अंतिम मुलाखत घेणाऱ्यांना उमेदवाराच्या शाळा-विद्यापीठाचे नाव न सांगण्याची पद्धत सुरू केली. परिणाम असा झाला की त्या वर्षीच्या सुमारे 100 उमेदवारांत 41 शिक्षणसंस्थांचे विद्यार्थी आले. आधीच्या वर्षाच्या मानाने संस्थांची संख्या जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढली. नुसते नाव झाकल्याने एवढा फरक पडत असेल, तर आजवर नाव किती बोलत होते हे उघड आहे.

नियामक संस्थेनेही 2021 साली एक मोठा बदल केला. सॉलिसिटर होण्यासाठी सर्वांना एकच सामायिक परीक्षा ठेवली आणि दोन वर्षांचा अनुभव चार वेगवेगळ्या ठिकाणीसुद्धा घेता येईल असे ठरविले. विधी-साहाय्य केंद्रातील काम किंवा पेढीतील साहाय्यकाची नोकरीही त्यात धरली जाऊ लागली. उद्देश स्तुत्य होता. पण या परीक्षेच्या दोन टप्प्यांचे नुसते शुल्कच आरंभी 3,980 पौंड होते, शिकवणीचा खर्च निराळा, आणि त्यानंतर हे शुल्क वाढतच गेले आहे. ज्याची निवड बड्या पेढीने केली त्याचे हे सारे पैसे पेढी भरते. ज्याची निवड झाली नाही त्याने ते कर्ज काढून भरावयाचे. ज्याच्यापाशी आहे त्याला आणखी मिळावे आणि ज्याच्यापाशी नाही त्याच्याकडून वसूल व्हावे, हा भांडवलशाहीचा जुना न्याय येथे परीक्षा शुल्काच्या रूपाने भेटतो.

चळवळीतील एखादा कार्यकर्ता येथे रास्त शंका घेईल. ज्या पेढ्या बँका आणि महामंडळे यांच्या सेवेस वाहिलेल्या आहेत, त्यांत कामगाराची मुलगी शिरली काय आणि सरदाराचा मुलगा शिरला काय, समाजवाद्यांनी त्याची फिकीर का करावी? या शंकेत अर्धे सत्य आहे. दार रुंद केल्याने आत चालणारा व्यवहार बदलत नाही. चार गरीब मुलांना आत घेऊन आपली प्रतिमा उजळवून घेणे पेढ्यांना सोयीचेच असते. परंतु कायदा करणारे, त्याचा अर्थ लावणारे आणि मोठमोठ्या करारांचे मसुदे लिहिणारे लोक एकाच मजल्यावरून येत राहिले, तर खालच्या मजल्यावरील जीवन त्यांच्या मसुद्यात कधीच येणार नाही. म्हणून दोन प्रश्न एकत्र विचारावे लागतात. आत कोण जातो, हा पहिला. आत जाऊन शिकलेला कायदा कोणाच्या कामी येतो, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा.

ॲटलींच्या मजूर सरकारने 1949 साली विधी-साहाय्याचा कायदा करून या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिले होते. ज्याला वकील परवडत नाही त्याच्या वकिलाचे पैसे शासनाने द्यावेत, हे तत्त्व त्यातून रुजले. 1970 साली लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टन वस्तीत एका जुन्या खाटकाच्या दुकानात ब्रिटनमधील पहिले 'लॉ सेंटर' उघडले आणि भाडेकरू, कामगार, स्थलांतरित यांना आपल्या गल्लीत वकील मिळाला. 2012 च्या कायद्याने ही वाट अरुंद केली. एप्रिल 2013 पासून कर्ज, घरे, कौटुंबिक वाद, कल्याणकारी भत्ते अशा विषयांतील बहुतेक साहाय्य बंद झाले. विधी-साहाय्याच्या रकमेवर चालणाऱ्या छोट्या पेढ्या उमेदवार घेईनाशा झाल्या, कारण त्याला शिकवण्याचा खर्च निघेना. 2014 साली तर उमेदवाराच्या किमान वेतनाचे व्यवसायाने घातलेले बंधनही उठविण्यात आले आणि राष्ट्रीय किमान वेतन एवढीच मर्यादा उरली. म्हणजे एकाच व्यवसायाच्या एका टोकाला दीड लाख पौंड आणि दुसऱ्या टोकाला दुकानातील नोकराएवढी मजुरी. कर्जाचा बोजा घेऊन बाहेर पडलेला तरुण कोणत्या टोकाकडे धावेल, हे सांगावयास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. गरिबाची बाजू मांडण्याची इच्छा असूनही तो बँकेच्या कागदपत्रांकडे ढकलला जातो. बाजार त्याला 'त्याची निवड' म्हणतो.

महाराष्ट्राला ही कथा परकी नाही, कारण मुंबईची सॉलिसिटर-परंपरा लंडनच्याच साच्यातून घडली. सॉलिसिटरपाशी तीन वर्षे आर्टिकलशिप करून बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा देण्याचा प्रघात मुंबईत आजही चालू आहे. 1976 च्या दुरुस्तीने अटर्नी हा वेगळा वर्ग कायद्यातून गेला, तरी त्या परीक्षेचा मान गेला नाही. लंडनच्या काही पेढ्या भारतातील राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून थेट उमेदवार निवडतात. या विद्यापीठांचा खर्च वर्षाला लाखांच्या घरात जातो आणि त्यांची सामायिक प्रवेश परीक्षा केवळ इंग्रजीतून होते. परभणीच्या किंवा गडचिरोलीच्या मराठी शाळेतील मुलीला त्या परीक्षेत कायदा नव्हे, भाषा अडविते. भाषा ओलांडलीच, तर मुंबईत बिनपगारी उमेदवारी करताना राहण्याखाण्याचा प्रश्न अडवितो.

डॉ. आंबेडकरांचे उदाहरण या संदर्भात पुरेसे बोलके आहे. बडोद्याची शिष्यवृत्ती, शाहू महाराजांचे साहाय्य, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि स्वतःची काटकसर यांच्या बळावर ते 1922 साली लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि 1923 साली मुंबईत वकिली करू लागले. त्यांच्या विद्वत्तेबद्दल कोणालाही शंका नव्हती. तरीही बॅरिस्टरकडे काम पाठविणे सॉलिसिटरांच्या हाती होते, आणि अस्पृश्य बॅरिस्टरकडे ते पाठवावयास सॉलिसिटर तयार नव्हते. लोकोत्तर बुद्धीलाही जेथे दरवाजा बंद होता, तेथे सामान्य बुद्धीच्या गरीब मुलाची काय कथा? आणि लोकशाहीत प्रश्न असतो तो सामान्य बुद्धीच्याच मुलाचा. सामान्य बुद्धीचा श्रीमंत मुलगा तर आपोआप आत जातच असतो.

तेव्हा मागणी केवळ 'आमच्याही मुलांना घ्या' एवढ्यावर थांबता कामा नये. उमेदवारी ही पेढीची मेहेरबानी नसून सार्वजनिक शिक्षणाचाच भाग आहे आणि तिचा खर्च समाजाने उचलला पाहिजे, हे सूत्र धरावे लागेल. ज्या बड्या पेढ्या तयार वकिलांचा लाभ घेतात, त्यांच्या उत्पन्नावर अधिभार बसवून त्यातून विधी-साहाय्य केंद्रांतील उमेदवारांना जगण्यापुरते वेतन देता येईल. ब्रिटनमध्ये मोठ्या मालकांच्या वेतनखर्चावर 2017 पासून उमेदवारीचा कर आहेच, तेव्हा ही कल्पना हवेतील नाही. भारतात 1976 साली घटनेत आलेले कलम 39-अ आणि 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा हे दोन्ही गरिबाला वकील देण्याचे वचन देतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 साली कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचविले, परंतु ती शिफारस आहे, बंधन नाही. ती बंधनकारक व्हावी, तालुका न्यायालयातील कनिष्ठांसाठी तिचा भार शासनाने घ्यावा आणि विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा मराठीसह भारतीय भाषांतून व्हावी, या मागण्या पक्षाच्या युवक व विद्यार्थी शाखांनी हाती घेण्याजोग्या आहेत. गिरणी कामगाराच्या घराचा, धरणग्रस्ताच्या जमिनीचा आणि कंत्राटी सफाई कामगाराच्या वेतनाचा दावा शेवटी कोणाला तरी न्यायालयात उभे राहून मांडावा लागतो. तो मांडणारा वकील उपाशी पोटी तयार होत नाही, आणि आयत्या वेळी बाजारातही मिळत नाही.